अलगूज: जत्रेतलं खेळणं की शिकण्याजोगं वाद्य?

माणदेशी पावा
खरसुंडीच्या जत्रेतून भाचीला अलगूज, म्हणजे उभा धरून वाजवायचा बांबूचा पावा, आणलं. पहिल्या फुंकेला वाजलं! बासरीत पहिला सूर निघेपर्यंत पोरं कंटाळतात, कारण ओठांचा कोन साधावा लागतो. अलगुजाच्या तोंडाशी लाकडी बूच असतं, त्याच्या फटीतून फुंक आपोआप समोरच्या धारेवर आदळते. म्हणून तर ते मेंढरांमागच्या पोरांचं, हौशी माणसांचं वाद्य झालं. (पंजाब-सिंधकडचा अलगोजा म्हणजे नळ्यांची जोडी, आपल्याकडं एकच नळी.) सांगली-साताऱ्याच्या शाळांत पाचवीपासून अलगूज शिकवावं, असं माझं ठाम मत आहे.

सुरेल मिरजकर
माझा विरोध. जत्रेतली नळी तंबोऱ्यासमोर वाजवून बघा. भोकं अंदाजानं पाडलेली, गंधार एकीकडं, पंचम दुसरीकडं. जोरात फुंकलं की सूर चढतो आणि ओठांनी सावरताही येत नाही. पोरांचे कान बिघडतील. बासरीवादक पन्नालाल घोषांनी (१९११-१९६०) सुमारे ३२ इंची बासरी वाजवायला घेतली, तेव्हा कुठं ती ख्यालाला, म्हणजे मैफलीतल्या रागदारी गायकीला, पुरली. शिकवायची तर बासरीच शिकवा.

माणदेशी पावा
मिरजकर, युरोपातला रेकॉर्डर नावाचा पावाही असाच बुचाचा. अठराव्या शतकात आडव्या बासरीनं त्याला मागं सारलं. १९१९ साली जुनी वाद्यं घडवणारे आर्नल्ड डॉलमेच यांचा जुना रेकॉर्डर लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर राहून हरवला, म्हणून त्यांनी स्वतः नवा घडवला. पुढं तो शाळाशाळांत पोचला, घरोघरच्या हौशी लोकांनी जगवला.

सुरेल मिरजकर
रेकॉर्डरसाठी बाख, टेलेमान अशा संगीतकारांनी संगीत लिहून ठेवलं होतं. अलगुजासाठी काय आहे?

कृष्णाकाठची
ओव्या आहेत, धनगरी गाणी आहेत. चार-पाच सुरांत मावणारी चाल पोरांना आधीच पाठ असते, तिला कागद कशाला हवा? पण बेसूर नळीबद्दल मिरजकरांचं म्हणणं खरं आहे, आणि तो दोष वाद्याचा नाही, घडवणाऱ्याचा आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी लावताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद जुळवताना, केसभर फरक ओळखणारे कान आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांच्यासमोर बसून कुणी बांबूला भोकं पाडून बघितली का?

सुरेल मिरजकर
हे मान्य. काळी एकची (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराची) नळी करून आणा, मी तंबोरा जुळवून बसतो. पाचवीच्या वर्गाबद्दल मात्र माझं मत अजून बासरीचंच.