स्टेनलेस केबलने तपासणी टळत नाही

एकाने विचारलंय की सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या कंट्रोल केबल (वैमानिकाच्या स्टिअरिंग-पेडलपासून पंख-शेपटीच्या हलत्या भागांपर्यंत जाणाऱ्या तारदोऱ्या) स्टेनलेसच्या टाकल्या तर दरवेळच्या तपासणीची कटकट संपेल का. नाही संपणार. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, समुद्राकाठच्या विमानांना ती बरी. पण पुलीवरून सतत वाकताना गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) कार्बन स्टीलच जास्त टिकतं.

१/८ इंची केबलमध्ये ७ पदर, प्रत्येकात १९ तारा, म्हणजे १३३ तारा. त्या तुटतात बहुतेक पुलीपाशी आणि फेअरलीडपाशी (केबलला वाट दाखवणाऱ्या आधारापाशी), जिथे नजर पोचत नाही. म्हणून स्टिअरिंग आणि पेडल टोकापर्यंत नेऊन पुलीत दडलेला भाग बाहेर काढा आणि कापड गुंडाळून केबलवरून दोन्ही दिशांना सावकाश फिरवा. धागा अडकला की तिथे तार तुटलीय. उघड्या हाताने कधीच नको, बोट फाटतं. शंका वाटली तर ताण सैल करून केबल वाकवून बघा, कारण गंज आतूनही धरतो आणि तसा दिसला तर केबल बदलायचीच.

ताण मोजताना तापमानाचा तक्ता जवळ ठेवा. उन्हात ॲल्युमिनियमचा सांगाडा पोलादी केबलपेक्षा जास्त प्रसरण पावतो, ताण वाढतो. टर्नबकलच्या (केबलचा ताण कमी-जास्त करायच्या आट्यांच्या जोडाच्या) बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, आणि तो फिरून सैल होऊ नये म्हणून बांधायची लॉकवायर नवीनच वापरा.