‘निश’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
सातवी-आठवीच्या मुलांसाठी तळ्याबद्दलची एक छोटी पुस्तिका मराठीत आणतोय. ‘हॅबिटॅट’ला अधिवास घेतलं. (मुलांना आधी तहसील कचेरीतला अधिवास दाखला आठवतो, पण बेडकालाही दाखला लागतो का असं विचारून झालं की शब्द पचतो.) अडलोय ‘निश’ (niche) पाशी, म्हणजे त्या अधिवासात एखादी जात कशी जगते, काय काम करते ते सांगणाऱ्या शब्दापाशी. इंग्रजी शब्द तसाच ठेवावा, तर निम्मे लोक ‘निच’ म्हणतात आणि ‘बेडकाचा नीच’ म्हटलं की वर्ग हातातून गेलाच. ‘कोनाडा’ घेऊ का? मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ भिंतीतला कोनाडाच आहे.

प्रतिसाद १:
कोनाडा नको. कोनाड्यात पणती नुसती बसून असते. निशमध्ये प्राणी काहीतरी करत असतो. मुलांना तळ्यावरच घेऊन जा. ढोकरी काठाशी मान आखडून मातकट रंगाची होऊन बसते, इतकी की उडून पांढरे पंख दिसेपर्यंत ती तिथे होती हे कळत नाही. ती मासा, बेडूक जवळ यायची वाट बघते. टिबुकली बुडी मारून पाण्याखाली शिकार करते. शेकाट्या लांबलचक गुलाबी पायांवर उथळ पाण्यात चालत चोचीने किडे टिपतो. कमळपक्षी लांब बोटांमुळे पानांवरून चालतो, पोटासाठी त्याला बुडी मारायचं कारणच पडत नाही. तळं एकच, म्हणजे अधिवास एकच, पण चौघांची निश वेगळी. ओडम या अमेरिकी शास्त्रज्ञाने सोपं करून सांगितलंय: अधिवास हा पत्ता, निश हा धंदा. मी वर्गात ‘पोटापाणी’ म्हणतो.

प्रतिसाद २:
‘बलुतं’ कसं वाटतं? चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1927 मध्ये निश म्हणजे प्राण्याचं समाजातलं काम, असा अर्थ लावला. बिज्जू दिसला की मनात तसाच विचार यावा जसा पाद्री दिसल्यावर येतो, असं काहीसं तो म्हणतो. आपल्याकडे ‘तो गुरव चालला’ म्हटलं की माणूस कोण, त्याचं काम काय, गावाशी नातं काय, सगळं एका शब्दात येतं. निश म्हणजे हेच की!

प्रतिसाद ३:
येतं, आणि त्याच्या मागून जातही येते. तो शब्द ज्यांच्या वाट्याला आला त्यांना विचारा. शिवाय बलुतं म्हणजे काम नव्हे, कामाच्या बदल्यात मिळणारा धान्याचा वाटा. सातवीच्या पुस्तकात तर नकोच.

प्रतिसाद ४:
कोनाड्याची थोडी बाजू घेतो. ग्रिनेल या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने 1917 मध्ये कॅलिफोर्नियातल्या थ्रॅशर पक्ष्याबद्दल लिहिताना हा शब्द वापरला, तेव्हा त्याचा रोख जागेवर, झुडपांवर, हवामानावरच होता. पुढे 1957 मध्ये हचिन्सन या पर्यावरणशास्त्रज्ञाने निशला गणितातली जागा केलं: तापमान किती ते किती, क्षार किती ते किती, खाद्य केवढ्या आकाराचं, अशा प्रत्येक अटीची एक मिती. त्या सगळ्या मर्यादांच्या आत जो अवकाश उरतो, ती त्या जातीची निश. म्हणजे कोनाडाच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. ‘पोटापाणी’त हे तापमान, क्षार कुठे बसवणार?

आणि गॉज या रशियन शास्त्रज्ञाचा प्रयोग विसरू नका. 1934 च्या पुस्तकात त्याने दाखवलं की पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच भांड्यात, एकाच खाद्यावर वाढवल्या की एक टिकते, दुसरी संपते. यासाठी मराठीत नवा शब्द घडवायचीही गरज नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

प्रश्नकर्ता:
म्यान झकास! तलवारीच्या आकाराचंच म्यान असतं, हेही त्यात आलं. पण ‘ढोकरीचं म्यान’ लिहिलं तर पुन्हा वर्ग गेला. तेव्हा व्याख्येच्या चौकटीत ‘निश’, आणि मजकुरात ‘ढोकरी पोटापाण्यासाठी काय करते’ असं सरळ वाक्य, एवढं ठरवलंय. बलुतं बाद. कोनाडा अकरावी-बारावीच्या कुणासाठी तरी राखून ठेवू.

एक अडचण उरलीच. पुढच्या पानावर पाणकणीस ही पाणवनस्पती आहे. त्याचं पोटापाणी कसं लिहू?

प्रतिसाद १:
पाणी तरी आहे. पोटाचं बघू उद्या.