फळांची ब्रँडी गाळायला शिकायचे आहे : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

गेली तीन वर्षे मी घरी फळांची वाइन करत आहे आणि आलुबुखार व नासपती यांची वाइन आता बऱ्यापैकी स्वच्छ उतरते. यापुढे फळांची ब्रँडी करायला शिकावे अशी मनापासून इच्छा आहे. गाळण्याचे भांडे तांब्याचे घ्यावे की स्टीलचे, पहिल्या प्रयत्नाला कोणते फळ सोयीचे पडेल आणि ‘पहिल्या धारेची’ तीच उत्तम असे जे म्हटले जाते त्यात कितपत तथ्य आहे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

भांडे शेवटी घ्या, किंबहुना इतक्यात घेऊच नका, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक देशांत घरी वाइन करण्याची मुभा असली तरी परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हाच ठरतो, मग ती स्वतःपुरती का असेना. न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःच्या वापरासाठी हे मोकळे केले, पण तो अपवाद आहे. मध्य युरोपातले अनेक बागवाले आपल्या फळांची आंबवण परवाना असलेल्या भट्टीवर नेऊन गाळून घेतात. आपल्याकडील कायद्यात अशी सोय असेल तर शिकण्याचा तोच सर्वांत चांगला मार्ग, कारण ब्रँडीचा कस आंबवणीतच ठरतो आणि भट्टी फक्त तो एकवटते. जे दोष वाइनमध्ये जेमतेम जाणवतात, ते गाळल्यावर नाकात घुसतात.

आपला वाइनचा हात असल्यामुळे दोन सवयी मोडाव्या लागतील. पहिली सल्फाइटची, म्हणजे वाइन खराब होऊ नये म्हणून घालतात त्या गंधकयुक्त रसायनाची : गाळताना गंधकाचा वास वाफेबरोबर वर येतो, म्हणून ब्रँडीच्या आंबवणीत ते घालू नये. दुसरी साखर वाढवण्याची : साखरेने अल्कोहोल वाढते, पण फळाचा गंध वाढत नाही. १२ टक्के साखरेच्या २० किलो आलुबुखारांतून हिशेबाने सुमारे १.४ लिटर शुद्ध अल्कोहोल निघायला हवे. प्रत्यक्षात एक लिटर हाती लागले तरी समाधान मानावे. फळ पूर्ण पिकलेले, पण कुठेही न सडलेले हवे. एका वर्षी मी थोडी डागाळलेली फळे ‘एवढ्याने काय होते’ म्हणून ठेवून घेतली आणि चौथ्या दिवशी पिंपाचे झाकण उघडले तर नेलपॉलिशचा भपकारा आला. ती सगळी आंबवण मला ओतून द्यावी लागली.

पहिल्या प्रयत्नाला आलुबुखारच घ्या. लगदा सालीसकट आंबवावा, बिया मात्र फुटू देऊ नयेत, कारण त्यांतल्या अमिग्डॅलिनपासून सायनाइड तयार होते. वर तरंगणारा चोथा रोज खाली दाबत राहावे. तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान राहिले तर गंध टिकतो. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा तीन दिवस जागचा हलला नाही की आंबणे संपले असे समजावे आणि त्यानंतर माल फार दिवस पडू देऊ नये.

प्रतिसाद २

‘पहिल्या धारेची’ या शब्दप्रयोगाने अनेकांची दिशाभूल केली आहे. सुरुवातीला उतरणारा भाग सर्वांत कडक असतो हे खरे, पण ॲसिटाल्डिहाइड आणि एथिल ॲसिटेट ही उग्र वासाची, नको असलेली द्रव्ये त्यातच एकवटलेली असतात, म्हणून भट्टीवाले तो बाजूला काढतात आणि पिण्याजोगी असते ती मधली धार. दोन थेंब तळहातांवर चोळून वास घेतला की फरक लगेच कळतो : आधी तिखट, डोळ्यांत जाणारा, मग हळूहळू फळाचा, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखा.

मिथेनॉल या विषारी अल्कोहोलबद्दल मात्र कोणीही गाफील राहू नये. ते फळांतल्या पेक्टिनपासून (फळाला घट्टपणा देणाऱ्या घटकापासून) तयार होते, त्यामुळे फळांच्या ब्रँडीत थोडेफार असतेच. त्याचा उत्कलनबिंदू ६४.७ अंश, म्हणजे इथेनॉलच्या (पिण्याच्या अल्कोहोलच्या) ७८.४ पेक्षा कमी असला तरी ते केवळ पहिल्या धारेत निघून जात नाही, तर शेवटपर्यंत थोडे थोडे येत राहते. वासावरून किंवा ज्योतीच्या रंगावरून ते ओळखता येते हा समज चुकीचा आहे. प्रयोगशाळेतील तपासणी हाच खात्रीचा उपाय.

तांबे की स्टील याचे उत्तर तांबे असेच आहे, कारण ते वाफेतील गंधकयुक्त घटक धरून ठेवते. शिशाचा डाक लावलेले जुने भांडे मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या ज्योतीनेही पेट घेते. बंद खोलीतल्या शेगडीवर हा उद्योग करण्याचा विचारही करू नये.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. भांड्याचा विचार सोडला आहे. यंदा २० किलो आलुबुखार सल्फाइटशिवाय आंबवतो आणि तोवर परवानाधारक भट्टीवर गाळून घेण्याची कायदेशीर सोय आहे का, याची चौकशी करतो. एक शंका उरते : पेक्टिन फोडणारे एन्झाइम मी वाइनमध्ये नेहमी घालतो, ते इथेही घालावे का?

प्रतिसाद २

शक्यतो नको. त्याने लगदा पातळ होतो, पण पेक्टिन फुटताना मिथेनॉलही वाढू शकते. फळ पुरेसे पिकलेले असेल तर हाताने नीट कुस्करले तरी काम भागते.