प्लाझातली थेटरं नेटफ्लिक्सच्या आधीच आचके देत होती

अमेरिकेतल्या लहान गावांतली प्लाझातली (म्हणजे दुकानांच्या एकत्र आवारातली) थेटरं नेटफ्लिक्सने मारली, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. जरा मागे जाऊ.

१९५१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या 'शॉपर्स वर्ल्ड'मध्ये दुकानांसोबत थेटरही आलं. कारण साधं: फुकट पार्किंग. मग १९६३ मध्ये कॅन्सस सिटीत स्टॅन्ली डरवूड यांनी (यांचीच कंपनी पुढे एएमसी ही थेटरांची मोठी साखळी झाली) शॉपिंग सेंटरमध्ये दोन पडद्यांचं थेटर काढलं. खरी मेख इथे आहे. तिकीटखिडकी एक, पॉपकॉर्नचं मशीन एक, नोकर तेवढेच, पण सिनेमे दोन! हे बघून सत्तरच्या दशकात गावोगावच्या मालकांनी जुना हॉल मधोमध भिंत घालून कापला. अशा एका थेटरात मी बरेच सिनेमे पाहिलेत. खुर्च्या जुन्याच जागी, जुन्या पडद्याकडे तोंड करून ठोकलेल्या, त्यामुळे दोन तास मान वाकडी. हळवा प्रसंग चालू असताना पलीकडून धडाधड गोळीबार, तो वेगळाच.

१९९५ मध्ये डॅलसला २४ पडद्यांचं थेटर उघडलं, त्यानंतर हायवेवर तशी बरीच उभी राहिली आणि प्लाझावाल्यांच्या नशिबी मोठ्या थेटरांतून उतरलेले जुने सिनेमे आले, डॉलर-दोन डॉलर तिकिटात. शेवटचा दणका डिजिटलचा. स्टुडिओंनी रिळं पाठवणं बंद करत आणलं आणि एकेका पडद्यामागे हजारो डॉलर्सचा प्रोजेक्टर घ्यायची वेळ आली. पॉपकॉर्न विकून तो कुठून निघणार?