सल्ला हवा: इलेक्ट्रिक डिलिव्हरी व्हॅनचा मागचा स्वे बार बदलायचा आहे

पार्सलवाला
नमस्कार मंडळी. माझ्या इलेक्ट्रिक व्हॅनचा मागचा स्वे बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन बाजूंची चाकं जोडणारी पोलादी दांडी) डाव्या बुशजवळ, म्हणजे बार धरणाऱ्या रबराजवळ, गंजून चिरलाय. चीर नखाला लागते. वळणावर मागचं खोकं जास्तच कलतं आणि खड्ड्यात डावीकडून टक् टक् येतं. मोटर मागच्या एक्सललाच आहे, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र, कॉइल स्प्रिंगवालं. बार २१ मिमीचा, असं आधीच्या मालकाने सांगितलं होतं.
नवा मूळ कंपनीचा घेऊ, बाहेरचा घेऊ, की मोडीत निघालेल्या गाडीचा? आणि स्वतःला जमेल का? पाने आहेत, चार स्टँड आहेत, आधी शॉकॲब्सॉर्बर बदललेत.
बजेट: माझ्या चार दिवसांच्या कमाईत सगळं बसलं पाहिजे. गाडी उभी राहिली की मीही बसतो.

तुफान_टॉर्क
२४ मिमीचा टाक. डोळे झाकून. मी माझ्या व्हॅनला टाकला, गाडी रुळावर असल्यासारखी वळते. मागच्या महिन्यात एका कारवाल्याला गोल चौकात मागे टाकलं, त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. स्वस्त नाहीये, पण अशा गोष्टीत पैशाकडे बघायचं नसतं.

जुना_डिझेल
म्हणून म्हणतो, वजनदार बॅटऱ्या घेऊन फिरू नका. माझी डिझेल व्हॅन, मागे पाटे, स्वे बार कंपनीने दिलाच नव्हता. काही अडलं नाही.

पार्सलवाला
@जुना_डिझेल काका, गाडी आता घेऊन झालीये हो.

शंकासूर
मुळात इलेक्ट्रिक गाडीला स्वे बार लागतोच कशाला? बॅटरी जमिनीलगत, गुरुत्वमध्य खाली. काढून फेकून दे, खर्च शून्य.

रात्रपाळी
बॅटरी खाली आहे, पण पार्सलं छतापर्यंत आहेत. सकाळी भरलेली गाडी आणि संध्याकाळी रिकामी गाडी या दोन वेगळ्या गाड्या असतात. कधी भरलेली चालवून बघा.

शंकासूर
मी सायकल चालवतो. पण तत्त्व तेच आहे.

तेलकट_हात
आधी एक काम करा. टक् टक् बारची आहे हे कुणी सांगितलं? दहातल्या आठ वेळा (माझा अंदाज, भांडू नका) आवाज लिंक रॉडच्या (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) बॉल जॉइंटचा असतो. गाडी चाकांवर उभी ठेवा आणि लिंक हाताने धरून जोरात हलवा. खडखडली तर ती गेली. आणि लिंक बदलायच्या तर दोन्ही बाजूंच्या.
चीर नखाला लागत असेल तर बार बदलावाच लागेल, यात वाद नाही. वेल्डिंगच्या फंदात पडू नका. तो बार म्हणजे पिळाची स्प्रिंग आहे. वेल्डने पोलादाचं पाणी उतरतं आणि शेजारीच पुन्हा तुटतो.

स्वाक्षरी_नाही
तेलकट_हात यांच्याशी सहमत. आधी लिंक बघा. वेल्डिंग करू नका.

हवेतला_माणूस
माझी गाडी मागून बसायची. मी एअर स्प्रिंग बसवल्या. आता आरामखुर्ची. स्वे बारचा नाद सोडा, एअर स्प्रिंग घ्या. बजेट थोडं वाढवावं लागेल, पाच-सहा पट.

किलोवॅटकाकू
हवेतले भाऊ, गाडी मागून बसणं आणि गाडी कलणं यांत फरक आहे. दोन्ही चाकं एकदम खाली-वर झाली तर स्वे बार बुशमध्ये नुसता फिरतो, कामच करत नाही. एक चाक वर आणि एक खाली झालं की तो पिळला जातो, मग त्याचं काम सुरू. वजनाने बसणाऱ्या गाडीचं उत्तर स्प्रिंगमध्ये आहे, बारमध्ये नाही. आणि यांची गाडी बसतेय असं त्यांनी कुठे लिहिलंय?

आता २४ मिमीबद्दल. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २१ चा २२ केला तरी साधारण २० टक्के वाढ, २४ केला तर ७० टक्के. नुसता मागचाच एवढा ताठ केला, तर वळणावर आतल्या मागच्या चाकावरचा भार कमी होतो. मोटर मागच्या चाकांनाच फिरवतेय आणि टॉर्क तर पाय ठेवल्याबरोबर येतो. ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी मागून घसरायला वेळ लागणार नाही. शिवाय एका चाकाखाली खड्डा आला की धक्का पलीकडच्या चाकालाही जाणार, म्हणजे पार्सलं नाचणार. आमच्याकडे सहा व्हॅन आहेत. एकीला जाड बार लावून बघितला, तिचा ड्रायव्हर पंधरा दिवसांत जुना बार परत मागायला आला.

तुफान_टॉर्क
काकू, ड्रायव्हर कच्चा असेल तर बार काय करणार?

किलोवॅटकाकू
तो ड्रायव्हर म्हणजे माझा नवरा. निरोप देते.

व्याकरणाचार्य
शब्द ‘अँटी-रोल बार’ असा हवा. ‘स्वे बार’चा अर्थ झुलणारी दांडी असा होतो, जे तिच्या कामाच्या नेमकं उलट आहे.

तेलकट_हात
आमच्याकडे सगळे स्टॅबिलायझर म्हणतात. तुटला की आणखी काहीबाही म्हणतात.

व्याकरणाचार्य
ती शब्दनिर्मितीही अभ्यासण्याजोगी आहे.

फिटर_रिटायर्ड
स्वतः करायचं तर ऐका, मी एकदाच लिहिणार.
आदल्या रात्री लिंकच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. नट फिरवताना आतला बॉलही फिरतो, म्हणून मधल्या खाचेत एलन की धरायची. ती खाच झिजली की ग्राइंडरशिवाय पर्याय नाही. आणि ग्राइंडरच्या ठिणग्या नारिंगी केबलच्या (हाय व्होल्टेजच्या) आसपास उडता कामा नयेत.
जॅक आणि स्टँड लावायचे ते ठरवून दिलेल्या जागांवरच. बॅटरीच्या पेटीखाली जॅक लावणाऱ्याला मी गाडीजवळ उभा करत नाही. मागची दोन्ही चाकं सारखी उचलायची. एकच बाजू उचलली तर बार पिळलेला राहतो आणि लिंक सुटताना पाना हाताला मारतो. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख त्यातच गेलं.
जुने बुश काढण्याआधी त्यांची बारवर चढवण्यासाठी ठेवलेली फट कोणत्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा. बार डावी-उजवीकडे मधोमध बसलाय ना ते मोजा. रबरी बुशला ग्रीस लावू नका, पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं. पॉलीयुरेथेनचे घेतले तर सोबत येणारं सिलिकॉन ग्रीस लावायचंच, नाहीतर कुरकुरतात. लिंकचे नट नवे घ्या. ब्रॅकेटचे बोल्ट गाडी चाकांवर आल्यावर शेवटचे आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला.
आणि बुश मागवण्याआधी बार कॅलिपरने मोजा. ऐकीव मापावर जाऊ नका.

तुफान_टॉर्क
पॉलीयुरेथेनच घ्या. रबर म्हाताऱ्यांसाठी.

फिटर_रिटायर्ड
बरोबर आहे. मी रबरच वापरतो.

शंकासूर
१२ व्होल्टची बॅटरी सोडवली की नारिंगी केबल मेलेल्याच ना? मग भीती कसली?

दोन_वायरी
नाही. बंद गाडीत कॉन्टॅक्टर (बॅटरीचा प्रवाह तोडणारे मोठे स्विच) उघडे असतात हे खरं, पण पेटीच्या आत शेकडो व्होल्ट कायम असतात. बाहेरची बाजू खरंच मेलीय याची खात्री मोजूनच करायची असते, आणि ते काम शिकलेल्या माणसाचं. बार बदलताना नारिंगी केबलला हात लावायची गरजच पडू नये. चार्जर काढा, गाडी बंद करा, चावी लांब ठेवा.
पण पार्सलवाले, पाने काढण्याआधी खाली झोपून एकदा बघा. मोटर मागे असलेल्या काही गाड्यांत बार सबफ्रेमच्या (मोटर आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) वरून जातो. सबफ्रेम थोडी खाली घेतल्याशिवाय तो निघत नाही, आणि तिच्यासोबत केबल, कूलंटच्या नळ्या सगळं ताणलं जातं. तसं असेल तर सरळ वर्कशॉपला द्या. नंतर अलाइनमेंटही तपासून घ्यावी लागते.

स्वाक्षरी_नाही
दोन_वायरी यांच्याशी सहमत. वर्कशॉपला द्या.

रात्रपाळी
अवांतर: या गाड्या मागचे टायर किती खातात? माझे तर

रात्रपाळी
वरचा प्रतिसाद अर्धवट गेला. माझे तर बघताबघता गेले, असं लिहायचं होतं.

जुना_डिझेल
वजन. मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय.

पार्सलवाला
सगळ्यांचे आभार. खाली झोपून बघितलं. बार सबफ्रेमच्या खालून आहे, दोन ब्रॅकेट आणि दोन लिंक, एवढंच. नव्या मूळ बारचा भाव विचारला, आठ दिवसांची कमाई. म्हणून मोडीतल्या गाडीचा घ्यायचं म्हणतोय, बुश आणि लिंक नव्या.

किलोवॅटकाकू
जुना नका घेऊ. तुमचा गंजला तसा तोही गंजलेला असणार, फक्त चीर अजून दिसत नसेल.

फिटर_रिटायर्ड
जुना नको. घेतलाच तर बुश बसतो तिथला रंग घासून, उजेडात फिरवून बघा. गंजाचे खड्डे असतील तर तिथल्या तिथे परत करा.

तुफान_टॉर्क
जुना??? त्यापेक्षा २४ मिमी हप्त्याने घ्या.

स्वाक्षरी_नाही
जुना घेऊ नका.

शंकासूर
काढून फेका, पुन्हा सांगतो.

तेलकट_हात
शंकासूर, अर्धवट तुटलेला बार तसाच ठेवून फिरण्यापेक्षा तुमचं ऐकलेलं बरं, एवढं मी मान्य करतो. तुटलेलं टोक ब्रेकच्या नळीत किंवा टायरमध्ये घुसलं तर काय होईल ते सांगायला नको. पण एखाद-दुसरा दिवस, आणि तोही हळू.

पार्सलवाला (नऊ दिवसांनी)
झालं काम. जुनाच घेतला. फिटरकाकांनी सांगितलं तसं घासून बघितलं, खड्डे नव्हते. लिंक निघायला दीड तास, बाकी सगळं चाळीस मिनिटांत. कलणं थांबलं, आवाजही गेला. आवाज उजव्या लिंकचा होता, मला डावीकडून यायचा.
एक घोळ झाला. बुश २१ चे मागवले होते, ब्रॅकेट बसेचनात. मग मोजलं: आणलेला बार २२ चा. माझा जुना मोजला, तोही २२. आधीच्या मालकाने मारलेली थाप. पुन्हा बुश मागवले, एक दिवस गाडी बिनाबारची चालवली, एक दिवस सुट्टी. सगळं धरून चार दिवसांच्या कमाईच्या थोडं वर गेलं.
२१ मिमीचे दोन बुश कोरे पडून आहेत. कुणाला हवे असतील तर सांगा.

फिटर_रिटायर्ड
कॅलिपर.

पार्सलवाला
हो काका.

हवेतला_माणूस
गाडी आता मागून बसते का?