हार्मोन्सचा घोळ: फंक्शनल मेडिसिनचं पॅकेज घ्यावं की आधी साध्या तपासण्या? (मुंबई)

चुनाभट्टी

वहिनीसाठी सल्ला हवा आहे. वय ३४, उंची १५५ सेंमी, वजन ७१ किलो, कंबर ९४ सेंमी. वर्षभर पाळी ४५ ते ६० दिवसांनी येते. केस गळतात, दुपारी डोळे उघडे राहत नाहीत. नोकरी अंधेरीला, महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी. पुढच्या वर्षी मुलाचा विचार आहे.

घरी येऊन घेतलेल्या रक्ताचे रिपोर्ट: टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं हार्मोन) ६.४, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल, प्रोलॅक्टिन (स्तनात दूध आणणारं हार्मोन) ४१, उपाशीपोटी साखर ९७, उपाशीपोटी इन्सुलिन १५, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ५.९, हिमोग्लोबिन १०.१, ड जीवनसत्त्व १३.

सध्या चालू: केसांसाठी बायोटिन १० मिलिग्रॅम, अॅसिडिटीसाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल, कॅल्शियम.

एका फंक्शनल मेडिसिन सेंटरने ‘मुळापर्यंत जाऊ’ म्हणून पॅकेज सांगितलं आहे. त्यात चार वेळची लाळेतली कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन), सुकवलेल्या लघवीतले हार्मोन्स, नव्वदेक पदार्थांची आयजीजी (रक्तातली प्रतिपिंडं) तपासणी, केसांतली खनिजं असं बरंच काही आहे. खर्च साठ हजारांच्या घरात. घ्यावं का? नाही तर सुरुवात कुठून करावी?

रक्तनमुना

पॅकेज राहू द्या. आधी हातात असलेले आकडे खरे आहेत का ते पाहू, कारण तुमच्या यादीतल्या निदान चार आकड्यांवर मला शंका आहे.

बायोटिन. बऱ्याच लॅबमधली यंत्रं हार्मोन मोजताना बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन एकमेकांना चिकटतात या गुणाचाच उपयोग करतात. रक्तात गोळीतलं जादा बायोटिन फिरत असेल तर हिशेब चुकतो. टीएसएच आणि प्रोलॅक्टिन खोटे कमी दिसतात, फ्री टी४ खोटा जास्त दिसतो. म्हणजे वहिनींचा खरा टीएसएच ६.४ पेक्षा वर आणि ‘नॉर्मल’ टी४ खरं तर खाली असू शकतो. सगळ्या यंत्रांत असं होत नाही, पण लॅबची पद्धत शोधत बसण्यापेक्षा बायोटिन पूर्ण तीन दिवस बंद ठेवून परत नमुना देणं सोपं.

डॉमपेरिडोन. नावापुढे ‘डी’ असलेल्या अॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये बहुधा हेच असतं. ते डोपामिनला अडवतं आणि डोपामिनचं एक काम प्रोलॅक्टिनला लगाम घालणं हे आहे. लगाम सुटला की प्रोलॅक्टिन चढतं. लेव्होसल्पिराइड आणि मेटोक्लोप्रमाइड या पोटाच्या औषधांचंही तेच. ४१ हा आकडा एवढ्यानेच येऊ शकतो. ज्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिली त्यांना विचारून डॉमपेरिडोन नसलेली गोळी घ्या आणि तीन-चार दिवसांनी प्रोलॅक्टिन परत करा. उठल्यावर दोन-तीन तासांनी, नाश्ता न करता, लॅबमध्ये १५ मिनिटं शांत बसून. गर्दीच्या लोकलमधून धापा टाकत आल्या आल्या हात पुढे करायचा नाही, ताणानेही हा आकडा वाढतो.

साखर. घरी घेतलेलं रक्त नुसत्या नळीत राहिलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. मुंबईच्या उकाड्यात पिशवी दोन-तीन तास स्कूटरवर फिरली तर ९७ हा आकडा मुळात शंभरच्या वरचा असू शकतो. करड्या बुचाची फ्लोराइड नळी वापरली का ते विचारा. रक्त फुटलं असेल, म्हणजे रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल, तर इन्सुलिनही खोटं कमी येतं.

एचबीए१सी. लोहाची कमतरता असली की तांबड्या पेशी जास्त दिवस फिरतात आणि हा आकडा फुगतो. हिमोग्लोबिन १०.१ असताना ५.९ वरून ‘प्रीडायबेटिस’चा शिक्का मारू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघा. १४० च्या खाली नॉर्मल, १४० ते १९९ मधली पायरी, २०० पासून मधुमेह.

रात्रपाळीच्या आठवड्यात यातलं काहीही करू नका. दिवसपाळी सुरू होऊन चार-पाच रात्री नीट झोप झाली की सकाळी आठच्या सुमारास जा. पुढच्या वेळीही तीच लॅब आणि तीच वेळ, कारण टीएसएच पहाटे जास्त असतो आणि दुपारी उतरतो.

अंतःस्राव

वरचं सगळं बरोबर. मी पॅकेजबद्दल लिहितो.

फंक्शनल मेडिसिन ही जेफ्री ब्लँड यांनी अमेरिकेत मांडलेली पद्धत. त्यांची संस्था १९९१ सालची. विचाराचा गाभा असा की प्रत्येक लक्षणाला वेगळी गोळी न देता तीन गोष्टी शोधायच्या: आधीपासूनची जमीन (घराण्यातला मधुमेह, बाळंतपणं, वजन), ठिणगी (आजार, औषध, पाळी बदलणं) आणि आग धुमसत ठेवणारं रोजचं कारण (झोप, खाणं, ताण). ही मांडणी चांगली आहे आणि ती कागद-पेन घेऊन घरी फुकट करता येते. पहिल्या पाळीपासून आजपर्यंतची एक रेघ ओढा. वजन कधी वाढलं, रात्रपाळी कधी लागली, कॅप्सूल कधी सुरू झाली, पाळी कधी लांबली, सगळं त्या रेघेवर मांडा. डॉक्टरांसमोर हा कागद वीस पानांच्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलतो.

पॅकेजमधल्या तपासण्यांचं मात्र तसं नाही. आयजीजी म्हणजे तो पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे एवढंच. रोज गहू-दूध खाणाऱ्याला गहू-दूध ‘पॉझिटिव्ह’ येणारच. मग अर्धा स्वयंपाक बंद होतो आणि प्रोटीन आणखी घटतं. चार वेळच्या लाळेवरून ‘अॅड्रिनल फटीग’ (अॅड्रिनल ग्रंथी थकणं) असं निदान देतात, पण एंडोक्राइन सोसायटी असा आजार मानत नाही. कॉर्टिसॉल खरोखर जास्त असल्याचा संशय असेल (पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, सहज काळेनिळे पडणं, जिना चढताना मांड्यांत बळ नसणं) तर रात्री ११ ला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी ८ ला कॉर्टिसॉल बघतात आणि ते १.८ च्या खाली उतरायला हवं. रात्री उशिराची लाळ त्या संशयातही कामाला येते, पण सरसकट नाही. शिवाय रात्रपाळीवाल्या माणसाचा कॉर्टिसॉलचा आलेख वेडावाकडा येणारच, त्यात रोग शोधू नये. सुकवलेली लघवी आणि केसांतली खनिजं यावरून इथे उपचाराचा एकही निर्णय बदलणार नाही.

आता वहिनींच्या लक्षणांचा धागा. थायरॉइड कमी पडलं की मेंदूतून टीआरएच हे हार्मोन वाढतं, ते टीएसएचबरोबर प्रोलॅक्टिनलाही ढकलतं आणि प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी लांबते. दुसरीकडे इन्सुलिन जास्त असलं की अंडाशय जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतं आणि यकृत एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) कमी बनवतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. पाळी त्यानेही लांबते. यातलं काय किती आहे हे ठरल्याशिवाय पीसीओएस (पाळी लांबवणारा अंडाशयांचा हार्मोनविकार) म्हणायची घाई नको, कारण थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएचपी (अॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात दोषात वाढणारं हार्मोन) वगळल्यावरच ते निदान होतं.

क्रम असा ठेवा. पाळी चुकलेली असल्याने सगळ्यात आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, मग टीएसएच, फ्री टी४, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं), प्रोलॅक्टिन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सकाळी टोटल टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, १७-ओएचपी, एफएसएच, एलएच (अंडाशयाला चालवणारी मेंदूतली दोन हार्मोन्स). एलएच-एफएसएचचं गुणोत्तर उलटं आलं म्हणून पीसीओएस होत नाही, तो जुना समज आहे. ‘२१ व्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन’ इथे निरर्थक. ते पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी बघायचं असतं आणि ४५-६० दिवसांच्या चक्रात तो दिवस आधी कळतच नाही.

चुनाभट्टी

खूप आभार. हनुवटीवर राठ केस आहेत, ते लिहायचं राहिलं. दर पंधरवड्याला काढावे लागतात. होमा-आयआर (शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही, म्हणजे रेझिस्टन्स, याचा आकडा) काढायचं का? आणि मुंबईत दाखवायचं कुठे?

अंतःस्राव

राठ केस आणि लांबलेली पाळी, हे पीसीओएसचे दोन निकष भरले. बाकीची कारणं वगळली गेली तर पीसीओएससाठी सोनोग्राफीची गरज उरत नाही. तरीही एकदा करा, गर्भाशयाचं अस्तर किती जाड आहे ते बघायला. ९० दिवस पाळी आली नाही तर वाट बघत बसू नका. अस्तर साचत राहणं धोक्याचं असतं, प्रोजेस्टेरॉन देऊन पाळी आणवतात. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले किंवा आवाज जाड झाला तर लगेच दाखवा. डोकेदुखीबरोबर कडेचं दिसेनासं झालं किंवा स्तनातून दूध आलं तरीही.

होमा म्हणजे साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५. ९७ × १५ ÷ ४०५ = ३.६. रेझिस्टन्स आहे असं दिसतं, पण सगळ्यांनी मान्य केलेली एक रेषा नाही आणि लॅबनुसार इन्सुलिन बदलतं. कंबर ८० च्या वर आहे, तेवढ्यावरूनही हेच कळत होतं. पुन्हा पुन्हा मोजू नका.

दाखवायला डीएम किंवा डीआरएनबी एंडोक्रायनॉलॉजी पदवी बघा. फंक्शनल मेडिसिन ही आपल्याकडे मान्य स्पेशालिटी नाही, त्यामुळे पाटीवर ते असेल तर मूळ पदवी विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. परळला केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजी विभाग आहे. तिथून जवळच आयसीएमआरची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे, तिची पीसीओएस क्लिनिक आहे. स्त्रीरोग, आहार, त्वचा यांचा तिथे एकत्र विचार होतो. दोन्हीकडे सकाळी लवकर केसपेपर काढा, जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या.

पेजभात

आहाराचं मी लिहिते. ‘हार्मोन डाएट’ म्हणून बिया फिरवून खाणं (पंधरा दिवस जवस, पंधरा दिवस तीळ) हे ४५-६० दिवसांच्या चक्रात कसं बसवणार? जवस-तीळ चटणीत खा, छान आहेत, पण उपचार म्हणून नको.

खरी उणीव बहुतेक घरांत प्रोटीनची असते, आणि तीही सकाळी. चहा-बिस्किट, मग पोहे, मग थेट जेवण. वहिनींनी दिवसाला ६० ग्रॅम धरावं, म्हणजे प्रत्येक जेवणात २० च्या आसपास. दोन अंडी १२, वाटीभर दही ५, एक ज्वारीची भाकरी ३, झाला नाश्ता. दुपारी १०० ग्रॅम बांगडा म्हणजे १९. मासे नसतील त्या दिवशी वाटीभर मटकीची उसळ ८-९, मूठभर शेंगदाणे ७ आणि दही. रात्री पनीर १०० ग्रॅम १८ किंवा सोया चंक्स कोरडे ३० ग्रॅम १५. पातळ वरणाच्या वाटीला प्रोटीन समजू नका, तिच्यात ४-५ ग्रॅमच्या वर क्वचितच असतं.

पोहे सोडायची गरज नाही. पोहे अर्धे करा आणि त्यात मोड आलेली मटकी तेवढीच घाला. भात शेवटी खा, उसळ-भाजी आधी. जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाला, गल्लीत नाही तर बिल्डिंगच्या आवारात. चालणारा स्नायू फारशा इन्सुलिनशिवायही साखर उचलतो, म्हणून हे लागू पडतं. आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम. वजन ५ टक्के उतरलं, म्हणजे इथे साडेतीन किलो, तरी पुष्कळ जणींची पाळी जवळ येते. ‘१५ किलो उतरवा’ ऐकून हातपाय गळतात, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा.

रात्रपाळीत मुख्य जेवण आठला, निघण्याआधी. एक वाजता ताक-चणे किंवा उकडलेलं अंडं. पहाटे तीनचा वडापाव आणि गोड चहा टाळा, त्या वेळी शरीर साखर सगळ्यात वाईट हाताळतं.

कांजूर_लोकल

एक जोडतो. अश्वगंधा कोणी सुचवली तर थायरॉइडचा निकाल लागेपर्यंत थांबा. ती थायरॉइड हार्मोन वाढवू शकते, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि गरोदरपणात ती नकोच. केल्प (समुद्री शेवाळ) किंवा आयोडीनचे थेंबही नकोत. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर जादा आयोडीनने थायरॉइड आणखी मंदावतं. पीसीओएससाठी घेतलं जाणारं मायो-इनोसिटॉल हे पूरक २ ग्रॅम दोनदा हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी पर्याय, पुरावा मध्यमच आहे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची सॅशे आठवड्याला एक अशी आठ आठवडे, जेवणानंतर, मग डॉक्टर सांगतील तशी महिन्याला. वर्षभर दर आठवड्याला घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं.

चुनाभट्टी

थायरॉइडची गोळी लागली तर लोह, कॅल्शियम, अॅसिडिटीची गोळी हे सगळं बसवायचं कसं? वहिनी आत्ताच वैतागली आहे.

रक्तनमुना

लागेलच असं नाही. टीएसएच १० च्या आत असताना सगळ्यांना गोळी देत नाहीत, दीड-दोन महिन्यांनी परत बघून ठरवतात. पण मुलाचा विचार आहे हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, त्याने निर्णय बदलतो.

लागली तर: उठल्याबरोबर गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने, तासाने उत्तम. लोह दुपारी साडेअकरा-बाराला लिंबूपाण्याबरोबर, चहा त्याच्या आधीमागे तासभर नाही. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. लोह, कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी यांच्यात चार तासांचं अंतर हवं, नाही तर गोळी त्यांना चिकटून तशीच बाहेर जाते आणि उगाच डोस वाढवला जातो. पॅन्टोप्राझोलने पोटातलं आम्ल कमी होतं, त्यामुळे थायरॉइडची गोळी आणि लोह दोन्ही कमी शोषले जातात. म्हणून ती कायमची हवीच का, हे विचारून घ्या. रात्रपाळीच्या आठवड्यात ‘उठल्याबरोबर’ म्हणजे दुपारी उठल्यावर, घड्याळ बघायचं नाही. मग लोह संध्याकाळी आणि कॅल्शियम उत्तररात्री.

फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह सुरू करून हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही तीन महिने चालू ठेवा. फेरिटिन चांगलं असूनही एमसीव्ही (तांबड्या पेशींचं आकारमान) कमी असेल तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करून थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) बघा, मुलाचा विचार असताना हे आधी कळलेलं बरं. तसं निघालं तर नवऱ्याचीही तपासणी करा.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच करा. औषध रक्तातून अर्धं उतरायला आठवडा लागतो, त्यामुळे पंधरा दिवसांत केलेला टीएसएच अर्धवट चित्र दाखवतो. प्रोलॅक्टिन तेव्हाही चढलेलं राहिलं तर लॅबला मॅक्रोप्रोलॅक्टिन (प्रतिपिंडाला चिकटलेलं, बहुधा निरुपद्रवी प्रोलॅक्टिन) वेगळं काढून मोजायला सांगा. मेंदूच्या एमआरआयचा विषय त्यानंतर.