सीएनसी सोडून आयटीत जायचंय, कुठला कोर्स करू?

उद्यमबागवाला
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, डिप्लोमा मेकॅनिकल, वय २९, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सहा वर्षं झाली व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मिलिंग मशीनवर, सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग करूलालोय. पगार २२ हजार, पुढं फारसा वाढेल असं वाटत नाही. पुण्याच्या एका इन्स्टिट्यूटचा रोज फोन येतोय, सहा महिने फुल स्टॅक (वेबसाईटचं पुढचं-मागचं सगळं प्रोग्रॅमिंग), १ लाख ३० हजार, नोकरीची गॅरंटी आणि पैसे नसतील तर ईएमआय करून देतो म्हणतात, आज भरलं तर २० हजार कमी. दुसरा एक क्लास इथंच टिळकवाडीत आहे, ३५ हजार. शाळा सगळी मराठी मीडियम, इंग्लिश वाचतो पण बोलायला गेलं की अडखळतो. बाबा म्हणतात हातातलं सोडू नको. काय करू?

खानापूरकर
भावा, ते ‘आज भरलं तर’ म्हणणाऱ्याला आधी नाही सांग. मी असाच एका ठिकाणी अडकलो. फोनवर आलेला ओटीपी सांगितला, मला वाटलं फीचे हप्ते पडले, पण ते एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं लोन होतं. दोन महिन्यांत सर सोडून गेले, नंतर नुसते रेकॉर्डेड व्हिडिओ. क्लासवाले म्हणतात फायनान्सवाल्यांशी बोला, फायनान्सवाले म्हणतात सही तुमची आहे. १८ हप्ते भरले, दोन चुकले तर सिबिल स्कोअर पडला, आता घराच्या लोनला तेच आडवं येतंय. आरबीआयच्या डिजिटल लोनच्या नियमात कूलिंग ऑफ म्हणून सुरुवातीला थोडी मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, मला हे कुणी सांगितलंच नाही.

निपाणीकर पुण्यात
मीपण मेकॅनिकलचाच, आता सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. तू मशीनच्या फॅनुक कंट्रोलवर मॅक्रो (छोटे प्रोग्रॅम) लिहितोस ना, त्यात व्हेरिएबल, इफ, व्हाईल सगळं असतं, म्हणजे तुझी सुरुवात शून्यातून नाही. नोकरी न सोडता आधी दोन महिने फुकटचं शिकून बघ, हार्वर्डचा सीएस५० पायथन (पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा) आहे, आयआयटीवाल्यांचं ऑनलाईन एनपीटीईएल आहे, तिथं परीक्षा द्यायची असेल तरच फी. रोज रात्री तासभर बसवत नसेल तर लाख भरूनही बसवणार नाही. सीडॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा सॉफ्टवेअरचा डिप्लोमा चांगला आहे पण त्याला डिग्री लागते, डिप्लोमावर जमत नाही. आणि डिग्री नसेल तर बऱ्याच कंपन्या अर्ज बघतही नाहीत, हे पण मनात धरून चाल. क्लास कुठलाही असो, मागच्या बॅचच्या चार-पाच जणांना त्यांच्या काउन्सेलरला बाजूला ठेवून फोन कर, काम कुठं लागलं, हातात किती पडतात सरळ विचार. नंबर द्यायला का कू केली की समजून घे.

हिंदवाडीची ताई
इंग्लिशची भीती मलाही होती, मी बीकॉम, पण दिवसभर केलेलं एक काम रोज रात्री मोबाईलवर इंग्लिशमध्ये बोलून रेकॉर्ड करायचे आणि परत ऐकायचे. पहिला महिना स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता. इंटरव्ह्यूला तेच कामी आलं. दादा, तुझे बाबा म्हणतात ते ऐक, ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नको.

उद्यमबागवाला
सगळ्यांना थँक्यू. पुण्याच्या त्या फोनला नाही म्हणून सांगितलो. काल सेकंड शिफ्टवरून येऊन पायथन टाकलो आणि आमचा रोजचाच पीसीडी (होलची सेंटर ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) होलचा हिशोब लिहून बघितलो, १०० चा पीसीडी, सहा होल. ६० डिग्रीच्या होलला एक्स (मधल्या सेंटरपासूनचं आडवं अंतर) २५ यायला पाहिजे, येतंय उणे ४७.६२. फॉर्म्युला तीनदा तपासलो, बरोबर आहे. तासभर डोकं खाल्लं.

निपाणीकर पुण्यात
पायथनचा कॉस कोन रेडियनमध्ये (कोनाचं दुसरं माप) घेतो, फॅनुकसारखा डिग्रीत नाही. कोन आधी मॅथ डॉट रेडियन्समध्ये टाक.

उद्यमबागवाला
आलं दादा, बरोबर २५. सहाच्या सहा होल ड्रॉईंगशी जुळले. टिळकवाडीच्या क्लासला शनिवारी डेमोला बसतो, मागच्या बॅचच्या तिघांचे नंबर दिलेत त्यांनी.